हिवाळ्यातील ऊसतोडणी आणि तोडणी कामगारांची सुरक्षितता : अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

थंडीमुळे होणाऱ्या अपघातांचा विचार आपल्याकडे सहसा हिमालयाच्या किंवा शीत कटिबंधातील देशांच्या संदर्भात केला जातो. बर्फात काम करणारे सैनिक, उंच इमारतींच्या काचा पुसणारे कामगार, समुद्रावर मासेमारी करणारे कोळी ही त्याची ठरलेली उदाहरणे होत. दख्खनच्या पठारावर पाणी गोठत नाही, म्हणून येथे थंडी हा कामाच्या ठिकाणचा धोका नाही, असा समज रूढ झाला आहे. हा समज तपासून पाहण्याची गरज आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात (२०२४ पूर्वीचा अहमदनगर जिल्हा) दरवर्षी गाळप हंगामात हजारो स्त्री-पुरुष भल्या पहाटे, दवाने भिजलेल्या उसाच्या फडात हाती कोयता घेऊन उतरतात आणि ओल्या फळीवरून डोक्यावरच्या मोळ्या ट्रकमध्ये चढवतात. गारठलेले हात, ओले कपडे, निसरडा आधार आणि उंची हे चारही घटक येथे एकत्र येतात. प्रस्तुत लेखात या कामातील थंडीशी संबंधित धोक्यांची कारणमीमांसा करून ते कमी करण्याच्या व्यवहार्य उपायांचे विवेचन केले आहे.

पार्श्वभूमी

क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्याचे पाण्याच्या दृष्टीने दोन भाग पडतात. प्रवरा नदीवर १९२६ मध्ये पूर्ण झालेले भंडारदरा धरण आणि त्याचे कालवे यांमुळे उत्तरेकडील संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासा हा पट्टा बागायती झाला. पुढे मुळा धरणाने त्यात भर घातली. याच पट्ट्यात विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने प्रवरा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास उभा राहिला. त्यानंतर कोपरगावपासून सोनई, भेंडे, अकोल्यापर्यंत सहकारी कारखान्यांची मालिका तयार झाली. याउलट दक्षिण व पूर्वेकडील पाथर्डी, जामखेड, कर्जत आणि शेवगावचा काही भाग अवर्षणप्रवण राहिला. १९७२ च्या दुष्काळानंतर या तालुक्यांतून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडणीसाठी होणारे हंगामी स्थलांतर वाढत गेले. म्हणजेच एकाच जिल्ह्यात ऊस पिकवणारा आणि ऊस तोडणारा असे दोन प्रदेश निर्माण झाले.

तोडणीची रचना सर्वपरिचित आहे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. असे काही कोयते मिळून टोळी होते. टोळीचा मुकादम हंगामापूर्वी उचल देतो आणि कामगार ती तोडलेल्या उसाच्या वजनातून फेडतो. मजुरी टनावर ठरते. जानेवारी २०२४ मधील करारानुसार तोडणीचा दर प्रतिटन २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला. दर वाढला तरी मोजमापाचे एकक टनच राहिले. काम न झालेल्या तासाचे मोल शून्य, ही या व्यवस्थेची मूळ अट आहे आणि सुरक्षिततेचा कोणताही विचार याच अटीपासून सुरू करावा लागतो.

थंडी आणि साखर यांचे नाते

ऊसतोडणी हिवाळ्यात होते हा योगायोग नाही. पावसाळ्यात उसाची वाढ जोमाने होते आणि तयार झालेली शर्करा त्या वाढीसाठी खर्च होते. ऑक्टोबरनंतर हवा कोरडी होते, रात्रीचे तापमान उतरते, दिवस-रात्रीच्या तापमानातील तफावत वाढते. त्यामुळे वाढ मंदावते आणि शर्करा कांड्यांमध्ये साठू लागते. शेतकऱ्याला मिळणारा रास्त व किफायतशीर दर साखर उताऱ्याशी जोडलेला असून त्यासाठी १०.२५ टक्के उतारा हा पाया धरला जातो. त्यामुळे डिसेंबर व जानेवारी हे महिने कारखान्याच्या आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे ठरतात. ज्या गारठ्याने उसात गोडी उतरते, त्याच गारठ्यात तो तोडणाऱ्याचे हात बधिर होतात. उद्योगाचा लाभ आणि कामगाराचा धोका एकाच कारणातून उद्भवतात, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

थंडीचे स्थानिक स्वरूप

भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी असेल आणि ते सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी खाली गेले असेल, तर थंडीची लाट मानली जाते. उत्तरेकडून कोरडे वारे आले की अहिल्यानगर, नाशिक व पुणे या जिल्ह्यांत असे दिवस दर हिवाळ्यात अनुभवास येतात.

परंतु हवामान केंद्रावर नोंदलेले तापमान आणि फडातील प्रत्यक्ष स्थिती यांत फरक असतो. पहिले म्हणजे थंड हवा जड असल्याने ती नदीकाठच्या सखल भागात साचते आणि बागायती ऊस बहुधा अशाच भागात असतो. दुसरे म्हणजे ओलिताच्या जमिनीमुळे आणि दाट पानोळ्यामुळे उसावर दव भरपूर पडते. तिसरे म्हणजे दिवसाचे किमान तापमान मध्यरात्री नसून सूर्योदयाच्या सुमारास असते. पहाटे चार-पाच वाजता फडात उतरलेली टोळी उबदार वेळेकडे जात नसते, तर पुढचे दीड-दोन तास ती अधिकाधिक थंडीला सामोरी जात असते.

वाऱ्याचाही हिशेब करावा लागतो. शीतवाऱ्याच्या परिणामाचे जे सूत्र हवामानशास्त्रात वापरले जाते, त्यानुसार तापमान ८ अंश आणि वाऱ्याचा वेग ताशी २० किलोमीटर असेल तर उघड्या त्वचेला सुमारे ५ अंशांइतकी थंडी जाणवते. उभ्या उसात वारा अडतो, मात्र फड जसजसा मोकळा होतो तसा आडोसा नाहीसा होतो. ट्रकवर उंच उभे राहून मोळ्या रचणाऱ्यास तर तो मुळीच मिळत नाही.

शरीरावर होणारे परिणाम

मानवी शरीराचे आंतरिक तापमान सुमारे ३७ अंश असते. ते ३५ अंशांच्या खाली गेले म्हणजे शीतबाधा झाली असे वैद्यकशास्त्र मानते. यासाठी हवेचे तापमान शून्याखाली जावेच लागते असे नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. त्यामुळे दवाने भिजलेले सुती कपडे अंगावर असतील तर ८ ते १० अंशांतही शरीर झपाट्याने उष्णता गमावते. ऊस तोडताना स्नायूंच्या श्रमातून उष्णता निर्माण होत असल्याने धोका झाकला जातो. काम थांबताच, म्हणजे गाडीची वाट पाहताना किंवा उघड्या ट्रॉलीत बसून दुसऱ्या फडाकडे जाताना, घामाने व दवाने ओले झालेले शरीर एकदम थंड पडते. वृद्ध, लहान मुले, गरोदर व नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया आणि रक्तक्षय असलेल्या व्यक्ती यांना हा धोका अधिक असतो.

शीतबाधेपेक्षा अधिक नित्याचा धोका म्हणजे हातांचे कौशल्य कमी होणे. शरीर आतील अवयवांची उष्णता राखण्यासाठी हातापायांकडे जाणारा रक्तप्रवाह कमी करते. हाताच्या त्वचेचे तापमान सुमारे १५ अंशांच्या खाली गेले की बोटांची चपळता घटते. ते ८ अंशांच्या आसपास आले की स्पर्शज्ञानच क्षीण होते. ऊसतोडणीत डाव्या हाताने ऊस धरून उजव्या हाताने बुडख्यावर कोयता मारावा लागतो. धरलेल्या बोटांना आपली जागा कळली नाही अथवा कोयत्याची मूठ निसटली, तर डाव्या हाताला किंवा नडगीला जखम होते. थंडीमुळे वेदना कमी जाणवते व रक्तस्रावही सुरुवातीस कमी दिसतो. परिणामी खोल जखम किरकोळ समजून तिच्यावर चिंधी बांधली जाते आणि काम पुढे चालू राहते. जखमेत माती व पाचटाचा कचरा गेलेला असल्याने धनुर्वाताचा धोका मात्र कायम असतो.

पायांची स्थितीही दुर्लक्षिली जाते. शेत वाफशावर येण्यापूर्वीच तोडणी लागली तर तासन्तास ओल्या मातीत उभे राहावे लागते. सतत ओली व गार राहिलेली त्वचा मऊ पडते, भेगा वाढतात, संवेदना कमी होते आणि बुडख्याची टोकदार खुंटे पायात घुसली तरी लगेच कळत नाही.

भरणी : सर्वाधिक धोक्याचा टप्पा

तोडणीपेक्षा भरणीच्या वेळी थंडीचे परिणाम अधिक गंभीर ठरू शकतात. ट्रक किंवा ट्रॉलीला लाकडी फळी टेकवून तिच्यावरून साधारण ३० ते ४० किलोची मोळी डोक्यावर घेऊन चढावे लागते. भार जसा वाढतो तशी चढाची उंचीही वाढते. डोक्यावर ओझे असल्याने खाली पाहता येत नाही, दोन्ही हात मोळीला गुंतलेले असतात आणि तोल सावरण्यासाठी फक्त पायांच्या संवेदनेवर विसंबावे लागते. फळी दवाने अथवा चिखलाने ओली असेल आणि पाय बधिर असतील तर हा शेवटचा आधारही उरत नाही. शिडीवर उभे राहून काम करणाऱ्यांसाठी जगभर एक नियम सांगितला जातो. शिडीशी दोन पाय व एक हात किंवा दोन हात व एक पाय असा तीन ठिकाणी संपर्क सदैव असावा, असा तो नियम आहे. ऊसभरणीत तो पाळणे अशक्य आहे. म्हणून येथे सुरक्षितता कामगाराच्या दक्षतेत शोधून भागणार नाही, ती फळीच्या रचनेतच आणावी लागेल.

ही रचना खर्चिक नाही. फळी रुंद व पुरेशा लांबीची असावी, जेणेकरून चढ उभा राहणार नाही. तिच्यावर ठरावीक अंतरावर आडव्या लाकडी पट्ट्या ठोकाव्यात. वरचे टोक दोराने किंवा लोखंडी आकड्याने गाडीच्या फाळक्याला पक्के करावे आणि खालचे टोक घट्ट जमिनीवर रोवलेले असावे. चढण्यापूर्वी फळीवर कोरडी माती किंवा राख टाकावी अथवा गोणपाट बांधावे. मोळीचे वजन थंडीच्या दिवसांत कमी ठेवावे. अंधारात भरणी करणे टाळावे आणि ते टळत नसेल तर गाडीच्या मालकाने दिव्याची सोय करावी.

कोपीवरील धोके

कामगार फडावरून परततो तो उसाच्या पाचटाच्या अथवा ताडपत्रीच्या कोपीत. थंडीपासून बचावासाठी रात्री कोपीतच शेगडी पेटती ठेवली जाते. बंदिस्त जागेत कोळसा किंवा गोवऱ्या धुमसत राहिल्यास कार्बन मोनॉक्साइड वायू साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपेतच गुंगी येऊन मृत्यू ओढवू शकतो. शिवाय वाळलेले पाचट ठिणगीने क्षणार्धात पेट घेते. म्हणून शेकोटी कोपीपासून दूर, वाऱ्याची दिशा पाहून पेटवावी. झोपण्यापूर्वी ती विझवावी आणि कोपीत ऊब राखण्यासाठी जमिनीवर पाचटाचा जाड थर, त्यावर ताडपत्री व घोंगडी अशी मांडणी करावी. जमिनीतून येणारा गारठा अडवणे हे वरून पांघरूण वाढवण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

दारूने ऊब येते हा समज घातक आहे. मद्यामुळे त्वचेखालील रक्तवाहिन्या प्रसरण पावतात. त्यामुळे अंग गरम झाल्यासारखे वाटते, पण प्रत्यक्षात शरीरातील उष्णता अधिक वेगाने बाहेर पडते.

जिल्ह्याच्या उत्तर व पश्चिम भागात उसाचे फड हे बिबट्याचे आश्रयस्थान झाले आहेत आणि तोडणीच्या वेळी फडात बछडे आढळण्याच्या घटना वारंवार घडतात. पहाटेच्या अंधारात आईवडील फडात आणि मुले एकटी कोपीवर, ही स्थिती त्यामुळे अधिकच चिंताजनक ठरते. त्याचप्रमाणे गारठ्याने मंदावलेली घोणस पाचटाखाली पडून राहते व माणसाची चाहूल लागूनही दूर सरकत नाही. उजेड होण्याआधी पाचटात हात घालू नये, हा नियम त्यासाठी आवश्यक आहे.

व्यक्तिगत दक्षता

उपलब्ध साधनांत पुढील गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. एका जाड कपड्याऐवजी दोन-तीन पातळ थर घालावेत, म्हणजे अंग तापल्यावर वरचा थर काढता येतो. दवापासून बचावासाठी पुढील बाजूस प्लॅस्टिकचे किंवा मेणकापडाचे आवरण बांधावे. डोके व कान झाकावेत. कपड्यांचा एक कोरडा जोड फडावर सोबत ठेवून विश्रांतीपूर्वी ओले कपडे बदलावेत. भिजलेले सुती हातमोजे हात अधिक गार करतात, म्हणून पकड देणारे रबरी थराचे मोजे वापरावेत आणि त्यांचे दोन जोड असावेत. कोयत्याच्या मुठीला सुतळी किंवा रबर गुंडाळावे. रिकाम्या पोटी काम सुरू करू नये. भाकरी व गुळाचा चहा घेऊनच फडात उतरावे. तहान लागत नसली तरी पाणी प्यावे. शौचालय नसल्याने अनेक स्त्रिया पाणी पिणे टाळतात आणि त्यातून मूत्रमार्गाचे विकार उद्भवतात, हेही येथे नमूद केले पाहिजे.

सोबत्याला सतत हुडहुडी भरणे, बोलणे अडखळणे, हातातून वस्तू पडणे, गोंधळल्यासारखे वागणे ही शीतबाधेची लक्षणे होत. हुडहुडी आपोआप थांबली आणि तरीही व्यक्ती सुस्त असली, तर ती सुधारणा नसून धोक्याची खूण असते. अशा वेळी ओले कपडे काढून व्यक्तीला कोरड्या घोंगडीत गुंडाळावे. ती शुद्धीवर असल्यास गरम गोड पेय द्यावे. हातपाय जोराने चोळू नयेत, आगीच्या अगदी जवळ नेऊ नये आणि विलंब न करता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. जखम झाल्यास ती स्वच्छ पाण्याने धुऊन दाबून धरावी व प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताची लस घ्यावी.

व्यवस्थेची जबाबदारी

वरील सूचना कामगाराने पाळाव्यात एवढे म्हणून थांबणे अन्यायाचे होईल. तो पहाटे चार वाजता फडात उतरतो तो स्वेच्छेने नव्हे. तोडणीचा कार्यक्रम कारखान्याचा शेतकी विभाग ठरवतो, फडाची चिठ्ठी चिटबॉय देतो, गाडी वाहतूकदाराची असते आणि उचल मुकादमाची. या साखळीत थंडीचा विचार करण्याचे काम कोणाचेच नाही.

पहाटेच्या तोडणीचे समर्थन करताना ऊस लवकर कारखान्यात पोहोचला पाहिजे असे सांगितले जाते. यातील शास्त्रीय भाग असा की तोडलेल्या उसातील साखरेचे विघटन सुरू होते, म्हणून तो शक्यतो २४ तासांच्या आत गाळला जावा. परंतु हा नियम तोडलेल्या उसाला लागू आहे. उभ्या उसाचे दोन तासांत काहीही नुकसान होत नाही. तोडणी पहाटे पाचऐवजी सकाळी सात वाजता सुरू झाली आणि गाडीची वेळ त्याच प्रमाणात पुढे सरकली, तर तोडणी ते गाळप हे अंतर तेवढेच राहते. कारखाना अहोरात्र चालतो हे खरे. मात्र भरलेल्या गाड्या काट्यापुढे नंबर लागण्याची वाट पाहत तासन्तास उभ्या असतात, हेही तितकेच खरे आहे. सायंकाळच्या खेपांमधून पहाटेची गरज भागवण्याचे नियोजन त्यामुळे अशक्य नाही. हवामान विभागाने थंडीच्या लाटेचा इशारा दिलेल्या दिवसांपुरता असा बदल केला, तरी काळोख, दव आणि किमान तापमान हे तिन्ही धोके एकाच निर्णयाने बऱ्याच अंशी टळतात. त्याच वेळी धुक्यात रस्त्यावर येणाऱ्या बैलगाड्या व दुहेरी ट्रॉल्यांची संख्याही घटेल. वाहनांमागे परावर्तक पट्ट्या लावणे हे तर कोणत्याही परिस्थितीत बंधनकारक मानले पाहिजे.

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. तथापि ऊसतोडणी कामगाराचा मालक कोण, कारखाना, वाहतूकदार की मुकादम, हा प्रश्न जोवर संदिग्ध आहे तोवर कायद्याचे संरक्षण त्याच्यापर्यंत पोहोचणे कठीण आहे. राज्य शासनाने गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन केले असून त्यासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या प्रतिटनामागे १० रुपये घेण्याचे धोरण आहे. या निधीतून घोंगडी, रबरी बूट, हातमोजे, पट्ट्यांची फळी आणि टोळीगणिक प्रथमोपचार पेटी एवढी साधने हंगामाच्या प्रारंभी दिली गेली, तर त्याचा लाभ थेट फडापर्यंत पोहोचेल.

समारोप

अहिल्यानगर जिल्ह्यातील थंडी बर्फाची नसली तरी दवाची, अंधाराची आणि घाईची आहे. हवेच्या तापमानापेक्षा ओलावा, वारा, उंची आणि टनावर मोजली जाणारी मजुरी यांच्या संयोगातून ती धोकादायक बनते. वस्त्र, आहार व प्रथमोपचार यांची माहिती कामगारापर्यंत पोहोचली पाहिजे. परंतु फळी कशी असावी आणि तोडणी किती वाजता सुरू व्हावी, हे दोन निर्णय त्याच्या हातात नाहीत आणि अपघातांचा मोठा भाग याच दोहोंशी निगडित आहे. जिल्ह्यातील अनेक महाविद्यालये साखर कारखानदारीच्या परिसरातच उभी आहेत, आणि त्यांच्या वर्गांत ऊस उत्पादकांची व ऊसतोड कामगारांची मुले शेजारी बसतात. राष्ट्रीय सेवा योजनेची हिवाळी शिबिरे, भूगोल, अर्थशास्त्र, गृहविज्ञान व समाजकार्य या विभागांचे प्रकल्प यांतून फडातील तापमान, कामाच्या वेळा आणि जखमांची पद्धतशीर नोंद ठेवता येईल. अशी नोंद हाती असेल तर तोडणीची वेळ ठरवणाऱ्या बैठकीत कामगाराची बाजू आकड्यांनिशी मांडता येईल.